फ्लाय फिशिंग, हिवाळी

पिसे, लोकर व रेशमी धागा गळावर गुंडाळून केलेल्या कृत्रिम माशीने मासा, मुख्यतः थंड पाण्यातील ट्राउट, पकडण्याची पद्धत. मुंबईच्या खडकांवरून कोळंबीचा तुकडा लावून गरवताना शिशाचे वजन तंगूस ओढत नेते. येथे माशीला वजन जवळजवळ नसते. फेकली जाते ती जाड दोरी, माशी तिच्यामागून जाते.

उगम : वादग्रस्त. रोमन कवी मार्शल (इ. स. पहिले शतक) याच्या एका ओळीत हावरा ‘स्कारस’ मासा ‘मुस्का’ म्हणजे माशी गिळून फसतो, असे आहे. त्यावरून काही अभ्यासक ही पद्धत त्याच्या काळापर्यंत मागे नेतात. काही संपादक मात्र तेथे ‘मुस्को’, म्हणजे शेवाळ, असा पाठ घेतात. फरक एका स्वराचा आहे; पण स्कारस हा समुद्रातील, वनस्पती खाणारा मासा असल्याने शेवाळाचा पाठ अधिक सयुक्तिक वाटतो. शिवाय माशीचा पाठ स्वीकारला, तरी ती खरी की कृत्रिम हे त्या ओळीवरून ठरत नाही. निःसंदिग्ध वर्णन ग्रीक भाषेत लिहिणारा रोमन लेखक एलियन याचे (सु. इ. स. २००). मॅसिडोनियातील अस्ट्रेअस नदीत ठिपकेदार मासे पाण्यावरचे ‘हिप्पुरस’ नावाचे कीटक खातात. तो कीटक हाताळताच त्याचा रंग जातो व पंख कोमेजतात, म्हणून तेथील लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बांधतात, असे तो सांगतो. हे मासे ट्राउटच असावेत, असे सामान्यतः मानले जाते. कृत्रिम माशीचे कारण सांगणारे हे वर्णन प्रस्तुत नोंदीत आरंभबिंदू धरले आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या निबंधात १२ माश्यांची कृती आढळते. तो ज्युलियाना बर्नर्स या जोगिणीने लिहिला, ही समजूत पुराव्याने सिद्ध झालेली नाही.

भारतात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासात (सु. ११३०) ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यातील गळ आमिषाचा आहे. त्यावरून माशीचा उगम भारतात शोधणे योग्य नव्हे. मात्र गळमासेमारीच्या इतिहासात या प्रकरणाला त्याचे स्थान मिळायलाच हवे.

हिवाळी तंत्र : मासा शीतरक्ताचा असल्याने पाणी सु. ४° से. खाली गेले, की त्याची पचनक्रिया मंदावते. सु. १०° ते १६° से. ला जोमाने खाणारा ट्राउट तेव्हा वेगवान प्रवाह सोडून खोल, संथ डोहात तळाशी राहतो आणि अन्नामागे धावत नाही. त्यामुळे कीटकाच्या पाण्यातील अवस्थेची नक्कल करणारी माशी तळालगत, प्रवाहाच्याच गतीने, अगदी त्याच्या तोंडासमोरून न्यावी लागते. दोरी किंचित ताणली गेली तरी माशीची चाल अनैसर्गिक दिसते. हिवाळ्यातही प्रौढ होऊन बाहेर पडणारे कीटक मुख्यतः डासासारखे दिसणारे, न चावणारे मिज होत. त्यांच्या नकलेसाठी १८ ते २२ क्रमांकाचे बारीक गळ लागतात (क्रमांक वाढतो तसा गळ लहान होतो). दुपारी ऊन पडल्यावरचे दोन-तीन तास सर्वांत लाभाचे. धरणाच्या तळातून सोडलेले पाणी गोठत नाही, कारण ४° से. ला पाण्याची घनता सर्वाधिक असून ते तळाशी बसते. म्हणून अशा धरणांखालील नद्या हिवाळ्यात पसंत केल्या जातात. हवा शून्याखाली असताना दोरी ओवलेल्या काठीच्या कड्यांत बर्फ साचतो. अशा वेळी सोडून द्यायचा मासा पाण्याबाहेर काढू नये. त्याचे नाजूक कल्ले गोठून कायमची इजा होऊ शकते. तळाच्या खडीतील अंड्यांची घरटी पायाखाली तुडवू नयेत, हेही तितकेच महत्त्वाचे.

भारत व मुंबई : ट्राउट मूळचा भारतीय नाही. काश्मीरमध्ये त्याची अंडी १९०० मध्ये स्कॉटलंडहून यशस्वीपणे आणली गेली. निलगिरीतील पहिले प्रयत्न त्याआधीचे, पण ते फसले. हिमाचल प्रदेशात प्रजननासाठी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या मासेमारीस बंदी असते. म्हणजे हिवाळी प्रकार तेथे कायद्यानेच वर्ज्य आहे, आणि ही बंदी मनापासून पाळण्याजोगी आहे.

मुंबईत ट्राउट जगणे शक्य नाही. सांताक्रूझ येथील नीचांकी तापमान, ७.४° से. (२२ जानेवारी १९६२), हे हवेचे व एका रात्रीचे आहे. तलावाचे पाणी तितके कधीच थंड होत नाही. येथील हौशी गळकऱ्यांचे केंद्र पवई तलाव (सु. १८९१). महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन (स्था. १९५५) तेथे कार्यरत असून कटला, रोहू, मृगळ हे तेथील मुख्य मासे. ते बहुधा कणकेसारख्या आमिषावर पकडले जातात, माशीवर क्वचितच. सह्याद्रीच्या नद्यांतील दख्खनी महसीर हा जोरदार झुंज देणारा मासा याबाबत ट्राउटला अधिक जवळचा. १८३९ मध्ये ब्रिटिश निसर्ग-अभ्यासक साइक्सने दिलेल्या त्याच्या शास्त्रीय नावातील ‘खुद्री’ हा शब्द दख्खनी बोलीतून आलेला दिसतो. महाडजवळच्या वाळणकोंडीत तो देवाचा मासा मानला जातो. तेथे गळ टाकत नाहीत.