रिकाम्या खुर्चीचं गणित

विमानं आली, तिकिटं स्वस्त झाली आणि सामान्य माणूस परदेशी फिरू लागला, असं सर्रास सांगितलं जातं. पण विमान भाड्याने घेतलं की अर्धं भरो वा पूर्ण, खर्च जवळपास तोच. तिकीट स्वस्त होतं ते खुर्च्या भरल्यावर.

थॉमस कुक या इंग्रज सहल-आयोजकाने 1841 साली खास आगगाडी ठरवून लेस्टरहून लफबरोला शिलिंगभरात सुमारे 500 माणसं नेली. 1950 मध्ये सहल-आयोजक व्लादिमिर राइट्झने तेच विमानाच्या बाबतीत केलं. इंग्लंडहून कॉर्सिका या फ्रेंच बेटावरचं काल्व्ही, प्रवास, तंबूत मुक्काम आणि जेवण धरून 32 पौंड 10 शिलिंग!

खरी मेख पुढे आहे. गटाला सोडून विमान रिकामं परतलं आणि आठवड्याने आणायला रिकामंच गेलं, तर चारपैकी दोन उड्डाणं वाया. त्याऐवजी दर आठवड्याला नवा गट उतरवायचा आणि त्याच विमानाने जुना परत आणायचा. असे 20 गट नेले तर विमान 21 वेळा जाऊन येतं, म्हणजे 42 उड्डाणं. त्यांतली रिकामी दोनच, पहिली परतीची आणि शेवटची जातानाची. पाच टक्केही नाही. गट चारच असतील तर मात्र 10 पैकी दोन, थेट 20 टक्के. म्हणून लांब हंगामाचा, उन्हाचा किनारा हवा. स्पेनने 1959 मध्ये पेसेटा या आपल्या चलनाचं अवमूल्यन केलं, त्याने तिथला मुक्काम आणखी स्वस्त पडू लागला. 1960 चे साधारण 60 लाख पर्यटक 1970 पर्यंत 2.4 कोटींवर गेले.

या साखळीत एक अडचण आहे. एखादा गट अर्धाच भरला तरी उड्डाण रद्द करता येत नाही, कारण आधीचा गट तिकडे परतीची वाट बघत असतो. मग उरलेल्या जागा मिळेल त्या भावाने काढायच्या. सहल कंपनी हॉटेलच्या खोल्याही महिनोन्‌महिने आधी घाऊक उचलते. हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक नक्की मिळतं, पण दर पाडून.

आता गावाला काय मिळतं ते बघू. पर्यटकांकडून गावात आलेल्या दर 100 रुपयांपैकी 60 पुन्हा गावातच खर्च होत राहिले, तर एकूण उलाढाल 100 भागिले 0.4, म्हणजे 250 रुपये. मासळी, भाजी, कामगार सगळं बाहेरून आलं आणि 20 च टिकले, तर 125. पर्यटक तेवढेच, उलाढाल निम्मी. तेव्हा ‘इतके लाख पर्यटक आले’ एवढ्यावरून गावाची भरभराट सांगणं हे कुंडली बघून पाऊस सांगण्यापैकीच.

गोव्यात चार्टर, म्हणजे अशा भाड्याने घेतलेल्या विमानांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल. पावसाळ्याआधी किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे खाण्यापिण्याच्या तात्पुरत्या झोपड्या, उतरवले जातात, हॉटेलच्या कर्जाचे हप्ते मात्र बाराही महिने भरायचे असतात. जुलैमध्ये तिथल्या खोल्या स्वस्त मिळतात त्या त्यामुळे.