हृदयाला सावकाश चालवणारी नस

हृदयप्रत्यारोपण झालेला माणूस खुर्चीत स्वस्थ बसलेला असतो, तरी त्याची नाडी मिनिटाला ९० ते ११० च्या आसपास चालते. ताप नसतो, धास्ती नसते, नवं हृदयही ठणठणीत असतं. दात्याचं हृदय काढताना त्याला जोडलेल्या नसा, म्हणजे संदेश नेणारे मज्जातंतू, कापाव्या लागतात आणि त्यांत मेंदूकडून येणारी व्हेगस नसही कापली जाते. हृदयात ठोका निर्माण करणाऱ्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्याच्या मर्जीवर सोडलं तर तो मिनिटाला साधारण १०० ठोके देतो. तुमची-आमची नाडी सत्तरीत राहते, कारण व्हेगस रात्रंदिवस लगाम खेचून धरते.

शरीराला शांत ठेवणं हेही कामच आहे आणि ते करणारी यंत्रणा म्हणजे परानुकंपी चेतासंस्था. व्हेगस ही तिचीच मुख्य नस. शरीराला धावपळीसाठी सज्ज करणारी यंत्रणा म्हणजे अनुकंपी. शाळेच्या पुस्तकात अनुकंपी आणि परानुकंपी यांचा समोरासमोर तक्ता असतो: एक डोळ्याची बाहुली मोठी करते, दुसरी लहान; एक ठोके वाढवते, दुसरी कमी करते. परीक्षेपुरता तो तक्ता बरा आहे. पण त्यावरून दोघी आळीपाळीने काम करतात असं वाटतं आणि ते चूक आहे. दोन्ही सतत चालू असतात. जिना चढायला लागल्यावर पहिल्या काही सेकंदांत नाडी वाढते, ती मुख्यतः व्हेगसने ढील दिल्यामुळे. अनुकंपी नसा आणि ॲड्रेनॅलिन यांचा जोर त्यानंतर येतो.

परानुकंपी संस्थेचे धागे दोन ठिकाणांहून निघतात: मेंदूच्या देठातून आणि पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या, माकडहाडाच्या वरच्या भागातून. मेंदूतून निघणाऱ्या बारा नसांच्या जोड्यांपैकी चार जोड्यांमधून ते जातात. तिसरी डोळ्याची बाहुली आकसवते आणि जवळचं पाहताना भिंगाला आकार देते. डोळ्यांच्या दवाखान्यात बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर मोबाइलवरची अक्षरं पुसट दिसतात, कारण ते थेंब नेमका हाच संदेश अडवतात. सातवी आणि नववी लाळ सोडवतात. अश्रूंचं काम सातवीकडे. दहावी म्हणजे व्हेगस. ती मानेतून उतरून हृदय, फुप्फुसं, जठर असं करत मोठ्या आतड्याच्या बऱ्याच भागापर्यंत पोहोचते. उरलेलं आतडं आणि मूत्राशय खालच्या धाग्यांकडे. हातापायांकडे ही संस्था जातच नाही. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: व्हेगसमधले बहुतांश, सुमारे ८० टक्के, तंतू हुकूम नेत नाहीत, तर पोटातली-छातीतली खबर मेंदूकडे आणतात.

व्हेगसचं काम बोटांना जाणवतं. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन बोटं ठेवून संथ, खोल श्वास घ्या. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. उच्छ्वासात व्हेगसची पकड घट्ट होते, म्हणून असं होतं. तरुण, निरोगी माणसात हा फरक जास्त कळतो. उच्छ्वास लांबवत केलेल्या संथ श्वसनाने बरं का वाटतं, याच्या उत्तराचा एक भाग इथे आहे.

नस हृदयाला सांगते ते कशाच्या भाषेत? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक शास्त्रज्ञांची खात्री होती की विजेच्या. १९२१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्स शहरात ऑटो लोवी यांनी बेडकांची दोन हृदयं खारट द्रावणात धडधडत ठेवली. पहिल्याची व्हेगस नस शाबूत होती. तिला विजेचा झटका दिल्यावर ते हृदय मंदावलं. मग त्याच्यातलं द्रावण काढून लोवींनी दुसऱ्या हृदयाला दिलं. त्या हृदयाच्या नसेला कोणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावलं. म्हणजे नसेच्या टोकातून काहीतरी रसायन द्रावणात उतरलं होतं. ते पुढे ॲसिटिलकोलीन असल्याचं ठरलं आणि १९३६ चं नोबेल लोवींना हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग शरीरशास्त्रात क्वचितच सापडेल.

ॲसिटिलकोलीन सुटतं, काम करतं आणि कोलिनेस्टरेज नावाचं विकर त्याचे लगेच तुकडे करतं. हे तुकडे झाले नाहीत तर काय होतं, ते विदर्भाने पाहिलं आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजुरांना विषबाधा झाली, अनेकांचा जीव गेला. तेव्हा वापरात असलेल्या कीटकनाशकांत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधंही होती. हा गट कोलिनेस्टरेजलाच बांधून टाकतो. मग शांत ठेवणारा संदेश थांबतच नाही. बाहुल्या टिंबाएवढ्या होतात, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ वाहते, उलट्या-जुलाब सुरू होतात, नाडी मंद होऊ शकते. श्वासनलिका आकसतात आणि आतल्या स्रावाने भरतात. जीव बहुधा श्वास कोंडूनच जातो. घामाच्या ग्रंथी अनुकंपी संस्थेकडे असूनही ॲसिटिलकोलीनवरच चालतात, त्यामुळे अंग घामाने निथळतं. हातापायांचे स्नायूही याच रसायनावर चालतात. ते आधी फडफडतात, मग लुळे पडतात.

फवारणीनंतर असं काही दिसलं तर कपडे उतरवून अंग साबणाने धुवावं, मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत आणि औषधाचा डबा किंवा त्यावरचं लेबल घेऊन लगेच दवाखाना गाठावा. तिथे ॲट्रोपीन देतात. ते ॲसिटिलकोलीनची ग्राहकस्थळं, म्हणजे पेशींवर ते जिथे येऊन बसतं त्या जागा, अडवतं. धोतऱ्यातही हेच द्रव्य असतं. डॉक्टर काही मिनिटांच्या अंतराने मात्रा वाढवत नेतात आणि छातीला स्टेथोस्कोप लावून फुप्फुसांतली घरघर थांबली का, नाडी ८० च्या वर गेली का, ते पाहतात. मात्रा जास्त झाली तर रुग्ण धोतरा खाल्ल्यासारखा बरळू लागतो, अंग तापतं, लघवी अडते. मग ॲट्रोपीन थांबवतात आणि नंतर कमी मात्रेने पुन्हा सुरू करतात. स्नायूंच्या लुळेपणावर मात्र ॲट्रोपीनचा उपयोग होत नाही. तिथली ग्राहकस्थळं वेगळ्या जातीची असतात, म्हणून श्वासाचे स्नायू थकले तर रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं.