टेक्सासमध्ये तेल-वायूच्या रॉयल्टीवरचा कर वाढला तर: प्रोटेस्ट कुणाला करता येतो, कधीपर्यंत, कोणत्या कागदांवर

टेक्सासमध्ये जमिनीखालच्या तेला-वायूचा मालक सामान्य माणूस असू शकतो, आणि हा हक्क जमिनीपासून वेगळा काढून विकताही येतो. भारतात रॉयल्टी, म्हणजे काढलेल्या तेल-वायूतला मालकाचा वाटा, सरकारकडे जाते, शेतकऱ्याला मिळाली तर जमिनीच्या वापराची भरपाई. त्यामुळे फोर्ट वर्थकडे घर घेताना मिनरल राइट्सही (म्हणजे हाच खनिजाचा हक्क) सोबत आले, किंवा कार्न्स, मिडलंडसारख्या काउंटीत छोटा हिस्सा विकत घेतला, की दरमहाच्या चेकचं कौतुक होतं. पुढे काउंटीची प्रॉपर्टी टॅक्सची नोटीस आली की पहिला प्रश्न ठरलेला: कर तर चेकमधूनच कापला ना?

कापलेला कर वेगळा. तो राज्याचा सेव्हरन्स टॅक्स, म्हणजे बाहेर काढलेल्या तेल-वायूवरचा कर: तेलाच्या बाजारमूल्यावर ४.६ टक्के, वायूच्या ७.५ टक्के. तो दर ऑस्टिनमधलं विधिमंडळ ठरवतं. दर पटला नाही तर आपल्या आमदाराला लिहायचं, त्यासाठी अर्जाचा नमुना नाही.

नोटीस येते ती स्थानिक प्रॉपर्टी टॅक्सची. टेक्सासच्या कायद्यात जमिनीखालचं खनिज ही स्थावर मालमत्ताच आहे, म्हणून काउंटी, स्कूल डिस्ट्रिक्ट, कधी हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट, प्रत्येक जण त्यावर आपापला कर लावतो. कर म्हणजे मूल्य गुणिले दर. दराला विरोध करायची जागा म्हणजे साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या जाहीर सुनावण्या. काउंटीला किंवा मोठ्या शहराला रोजच्या खर्चासाठीचं उत्पन्न ठरावीक मर्यादेपलीकडे, ढोबळमानाने साडेतीन टक्क्यांहून जास्त, वाढवायचं असेल तर नोव्हेंबरात मतदारांची संमती लागते. तुम्ही एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असाल, किंवा दुसऱ्या काउंटीत राहत असाल, तर तिथे मत नाही, पण सुनावणीत बोलता येतं. तेव्हा एकट्या मालकाच्या हातात खरोखर उरतं ते मूल्य, आणि प्रोटेस्टचा, म्हणजे हरकतीचा, अर्ज त्याच्याविरुद्धच करायचा असतो.

मूल्य का उडी मारतं हे आधी समजून घ्या. विहिरीतून पुढे किती उत्पन्न येईल याचा अंदाज बांधून त्याची आजची किंमत काढतात, आणि त्यात भाव धरतात तो आदल्या कॅलेंडर वर्षाच्या सरासरीवरून, त्याला सरकारी अंदाजावर आधारलेला एक गुणक लावून. २०२० मध्ये अमेरिकी कच्च्या तेलाची सरासरी बॅरलला सुमारे ३९ डॉलर होती, २०२२ मध्ये सुमारे ९५. म्हणून विहीर जुनी होत चालली असतानाही २०२३ च्या नोटिशीतला आकडा फुगू शकत होता. मूल्यांकनाची तारीख १ जानेवारी. विहीर डिसेंबरात बंद पडली असेल तर तो मुद्दा भक्कम आहे. मार्चमध्ये बंद पडली तर तो पुढच्या वर्षीचा. ‘आता भाव पडलेत’ हे प्रोटेस्ट ऐकणाऱ्या बोर्डापुढे चालत नाही, आणि बरेच मालक नेमकं तेच घेऊन जातात.

पात्रता सोपी आहे. हिस्सा तुमच्या नावावर असला की झालं. नागरिकत्व लागत नाही, टेक्सासमध्ये राहणंही लागत नाही. वर्षाच्या मध्ये हिस्सा विकत घेतला किंवा वारशाने आला असला तरी मुदतीत असाल तर प्रोटेस्ट करता येतो. एखाद्या कर-हद्दीतल्या तुमच्या सगळ्या खनिज हिश्शांचं करपात्र मूल्य मिळून ५०० डॉलरच्या आत असेल तर तिथला कर माफ असतो, म्हणून आधी बेरीज करून पाहा.

नोटीस हातात आली की मूल्याच्या आधी डेसिमल तपासा. माझ्या मते अर्ध्या तासाचं हे काम बाकी सगळ्या युक्तिवादांपेक्षा मोलाचं आहे. सातबाऱ्यावरच्या आणेवारीसारखाच हा तुमचा हिस्सा, फक्त दशांशात. समजा ६४० एकरांच्या युनिटमध्ये (एकत्र केलेल्या उत्पादन-क्षेत्रात) तुमचे ८ एकर आहेत आणि तेल कंपनीशी झालेल्या लीजमध्ये तीन-षोडशांश रॉयल्टी ठरली आहे. ८ भागिले ६४० म्हणजे ०.०१२५, त्याला ०.१८७५ ने गुणलं की ०.००२३४३७५. हाच आकडा ऑपरेटरच्या (विहीर चालवणाऱ्या कंपनीच्या) डिव्हिजन ऑर्डरवर, म्हणजे कुणाचा किती हिस्सा हे नोंदवणाऱ्या कागदावर, आणि चेक स्टबवर (चेकसोबतच्या हिशेबाच्या पावतीवर) दिसायला हवा. नोटिशीत एक शून्य गळलं तर मूल्य थेट दहापट. हिश्शाचा प्रकारही बघा. रॉयल्टी मालकाची नोंद वर्किंग इंटरेस्ट (विहिरीचा खर्च उचलणाऱ्याचा हिस्सा) म्हणून झाली असेल तर सगळा हिशेबच चुकतो.

कागदपत्रं जमवा ती अशी: नोटीस, डीड किंवा वारसाहक्काचे कागद, डिव्हिजन ऑर्डर, मागच्या वर्षभराचे चेक स्टब. उत्पादन किती घटलं याचा पुरावा टेक्सास रेलरोड कमिशनच्या नोंदींतून फुकट मिळतो (नाव रेल्वेचं असलं तरी तेल-वायूचं नियमन तेच करतं). लीज नंबर स्टबवर किंवा नोटिशीवर सापडतो. बारा महिन्यांचे आकडे एका कागदावर उतरवून न्या, स्टबांचा गठ्ठा समोर टाकू नका.

अर्जाचा नमुना क्रमांक ५०-१३२, काउंटीच्या अ‍ॅप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (करासाठी मूल्य ठरवणाऱ्या कार्यालयाकडे) द्यायचा. छापील नमुना नसला तरी मालकाचं नाव, मालमत्तेची ओळख आणि निर्णय मान्य नाही एवढं लेखी दिलं की पुरतं. मुदत १५ मे, किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातली नंतरची तारीख. कारणांच्या चौकटीत ‘मूल्य जास्त आहे’ यावर खूण कराच, हिस्सा चुकला असेल तर तेही लिहा. दुसऱ्या कुणाला उभं करायचं असेल तर ५०-१६२ क्रमांकाचं अधिकारपत्र लागतं. टक्केवारीवर काम करणारे सल्लागार पुष्कळ भेटतील. दोन-तीनशे डॉलरच्या करासाठी मी तरी त्यांच्या वाटेला जाणार नाही.

सुनावणीआधी अनौपचारिक बोलणी होतात, आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. खनिजांचं मूल्यांकन बहुतेक काउंट्या बाहेरच्या कंपनीकडून करून घेतात, त्यामुळे फोनवर बोलणारा बहुधा त्या कंपनीचा माणूस असतो. त्याच्याकडे उत्पादन-घटीचा आलेख आणि धरलेला डिस्काउंट रेट (पुढच्या उत्पन्नाची आजची किंमत काढायचा दर) मागा. अ‍ॅप्रेझल डिस्ट्रिक्ट सुनावणीत वापरणार असलेली माहिती सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी मागून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. मागूनही दिली नाही तर ती तिथे वापरता येत नाही. ही मागणी लेखी करा.

सुनावणी अ‍ॅप्रेझल रिव्ह्यू बोर्डापुढे होते. प्रत्यक्ष जा, फोनवर किंवा व्हिडिओवर हजर राहा, नाहीतर प्रतिज्ञापत्र पाठवा. पुण्यात बसलेल्या वारसालाही हे जमतं. फोनवर बोलायचं असेल तरी पुरावा प्रतिज्ञापत्रासोबत आधी पोचवावा लागतो. निकाल पटला नाही तर आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत जिल्हा न्यायालय किंवा बंधनकारक लवाद.

मुदत हुकली तर? खनिजासारख्या मालमत्तेचं मूल्य योग्य मूल्यापेक्षा एक-तृतीयांशाहून जास्त लावलं असेल तर कर थकीत होण्याआधी दुरुस्तीची मागणी करता येते, पण ती मान्य झाल्यास दुरुस्त कराच्या १० टक्के दंड पडतो.

भांडण चालू असलं तरी बिल थांबत नाही. ३१ जानेवारीपर्यंत निदान वादात नसलेली रक्कम भरावी लागते, नाहीतर न्यायालयातला हक्क जातो. १ फेब्रुवारीपासून दंड आणि व्याज मिळून ७ टक्के लागतात. घराचा कर बँक एस्क्रोमधून (गृहकर्जाच्या हप्त्यासोबत बाजूला ठेवलेल्या पैशातून) भरते म्हणून निर्धास्त राहू नका, खनिजाचं खातं वेगळं असतं आणि त्याचं बिल तुमच्याच पत्त्यावर येतं. भरलेला हा कर फेडरल रिटर्नमध्ये शेड्यूल ई वर रॉयल्टीच्या उत्पन्नातून वजा होतो, तेव्हा पावती जपून ठेवा.