इमारतीचे लेसर स्कॅनिंग: खर्च यंत्रातून टेबलावर कसा सरकला

गोव्यात जमीन, फ्लॅट, दुकानाचा गाळा, सगळे चौरस मीटरमध्ये मोजतात. लेसर स्कॅनिंग म्हणजे तिवईवरच्या यंत्राने लेसर किरण फिरवून भिंती, छत, नळ्या यांवरचे लाखो बिंदू मोजायचे आणि त्या बिंदूंतून इमारतीची त्रिमितीय नोंद उभी करायची. त्यासाठी बाहेरच्या शहरातून येणाऱ्या मंडळींचे दरपत्रक बहुधा चौरस फुटांत असते. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट, हा हिशेब कुणीही करून घेईल. अडचण वेगळीच आहे: क्षेत्रफळावरून काढलेला दर कामाचा खरा आकार सांगत नाही. पणजीच्या पाटो भागातले मोकळे ऑफिस आणि कळंगुटच्या हॉटेलचा एक मजला एकाच क्षेत्रफळाचे असले, तरी त्यांच्या खर्चात कित्येक पटींचा फरक पडू शकतो. तो का पडतो, हे या तंत्राच्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांच्या वाटचालीवरून नीट कळते.

इराकमधल्या मोसुलमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले स्थापत्य अभियंते बेन काचिरा यांनी १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात सायरा टेक्नॉलॉजीज ही कंपनी काढली. नळ्यांच्या जंजाळाने भरलेल्या कारखान्यांचे ‘जसे आहे तसे’ नकाशे हाताने काढण्यात महिने जात आणि तरी चुका राहत, या दुखण्यावर त्यांना इलाज हवा होता. त्यांचे सायरॅक्स हे यंत्र नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बाजारात आले. २००१ मध्ये मोजणीची यंत्रे बनवणाऱ्या लायका जिओसिस्टिम्सने ही कंपनी घेतली. त्या पिढीतले सायरॅक्स २५०० सेकंदाला सुमारे १,००० बिंदू मोजायचे आणि एका वेळी ४० अंश बाय ४० अंशांचाच तुकडा पाहायचे. खोलीच्या चारही बाजू घ्यायच्या तर यंत्र पुन:पुन्हा फिरवावे लागे. किंमत लाख डॉलरच्या वर. साहजिकच, बिलाचा मोठा वाटा यंत्राचे भाडे आणि जागेवरचे दिवस यांचा असायचा.

हा वेग किती अपुरा होता ते एका गणिताने कळेल. यंत्रापासून १० मीटरवर दर ६ मिलिमीटरला एक बिंदू हवा असेल, तर पूर्ण गोलासाठी साधारण साडेतीन कोटी बिंदू लागतात. सेकंदाला १,००० या वेगाने एकाच जागेवरून त्याला साडेनऊ तासांहून जास्त वेळ लागेल. २०१० मध्ये फॅरो कंपनीचे फोकस थ्रीडी आले. त्याचे वजन ५ किलो आणि वेग सेकंदाला ९,७६,००० बिंदूंपर्यंत, म्हणजे तेच काम कागदावर मिनिटाच्या आत. नोव्हेंबर २०१६ मध्ये लायकाने किलोभर वजनाचे बीएलके ३६० जाहीर केले, किंमत १५,९९० डॉलर. २०१८ च्या आरटीसी ३६० चा वेग सेकंदाला २० लाख बिंदू. शिवाय तिवई एका जागेवरून दुसरीकडे नेताना यंत्र स्वतःच आपल्या हालचालीचा माग ठेवते, त्यामुळे स्कॅन एकमेकांना जोडण्याचे निम्मे काम जागेवरच उरकते.

यंत्र स्वस्त झाले, वेगवान झाले, पण एकूण बिल त्या प्रमाणात उतरले नाही. खर्च सरकून दोन ठिकाणी साचला: तिवई किती वेळा मांडावी लागते, आणि स्कॅननंतर संगणकावर काय काढून द्यायचे आहे.

आधी तिवईचे. स्कॅनरला फक्त समोरचे दिसते. खांबामागचे, दारामागचे, कपाटामागचे दिसत नाही. म्हणून जागा बदलून तिवई पुन्हा मांडावी लागते; अशा प्रत्येक मांडणीला सेटअप म्हणतात. १,००० चौरस मीटरच्या मोकळ्या ऑफिसला १२ ते १५ सेटअप पुरतात. हलवाहलव धरून प्रत्येकी ४ मिनिटे लागली तर तासाभरात काम होते. त्याच क्षेत्रफळात हॉटेलच्या २० खोल्या असतील, तर प्रत्येक खोलीत एक, न्हाणीघरात एक आणि दोन्हींना कॉरिडॉरशी जोडणारा दारातला एक, असे ६०. त्यावर कॉरिडॉर आणि जिना धरून ७५ च्या आसपास. म्हणजे पाच तास, तेही सगळ्या खोल्या एकाच दिवशी उघड्या मिळाल्या तर. दारातला सेटअप वाचवण्याचा मोह इथे हमखास होतो, आणि तो महागात पडतो. शेजारच्या दोन स्कॅनमध्ये निदान ३० टक्के भाग सामाईक नसला, तर जोडणी डळमळते आणि अख्खी खोली काही सेंटिमीटर वाकडी बसते.

लांब कॉरिडॉर हा वेगळा धोका. सारखी दारे, सारखे दिवे. सॉफ्टवेअर एक दार पुढे-मागे जुळवून मोकळे होते. शिवाय प्रत्येक जोडणीत ३ मिलिमीटर चूक धरली, तर ५० जोडण्यांच्या साखळीत ती २० मिलिमीटरच्या पुढे जाते. यावर उपाय जुनाच आहे: टोटल स्टेशनने, म्हणजे कोन आणि अंतर अचूक मोजणाऱ्या सर्वेक्षण यंत्राने, आधी नियंत्रण बिंदू (पक्क्या मोजलेल्या खुणा) बसवायचे आणि स्कॅनमध्ये ओळखू येणारी काळ्या-पांढऱ्या चौकटींची टार्गेट त्यांच्याशी बांधायची. त्यासाठी वेगळा माणूस आणि वेगळा दिवस लागतो. दरपत्रकात हा दिवस दिसत नसेल तर तो का वगळला, हे जरूर विचारावे. हातात धरून चालता चालता मोजणारी यंत्रे वेळ खूप वाचवतात, पण त्यांची अचूकता साधारण सेंटिमीटरच्या घरात असते. भाडेपट्ट्याच्या क्षेत्रफळासाठी ती पुरते. नव्या लिफ्टसाठी किंवा पोलादी सांगाड्यासाठी पुरत नाही.

गोव्याचे हवामान खर्चात थेट उतरते. हॉटेलच्या खोल्या नोव्हेंबर ते मार्च भरलेल्या असतात. त्या रिकाम्या मिळतात पावसाळ्यात, आणि नेमके तेव्हा बाहेरचे स्कॅन होत नाही. पावसाचे थेंब स्वतःच बिंदू म्हणून नोंदले जातात. त्यातून अनेक यंत्रांचा लेसर १५५० नॅनोमीटरचा असतो आणि ही तरंगलांबी पाणी फार शोषते. ओल धरलेल्या चिऱ्याच्या भिंतीवरून किंवा भिजलेल्या कौलांवरून परतणारा संकेत क्षीण होतो. म्हणून आतले काम जून ते सप्टेंबर आणि दर्शनी भाग ऑक्टोबरात, अशा दोन फेऱ्या गृहीत धरलेल्या बऱ्या. दुसऱ्या फेरीसाठी पहिल्या फेरीतले नियंत्रण बिंदू पुसले जाणार नाहीत, असे पक्के खिळे ठोकून ठेवावेत. आणखी एक: वातानुकूलित खोलीतून यंत्र थेट दमट व्हरांड्यात आणले की त्याच्या आतल्या फिरत्या आरशावर वाफ धरते आणि तो स्कॅन वाया जातो. यंत्राला बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायचे, मगच सुरू करायचे.

वेर्ण्याच्या औषध कारखान्यांत पैसा जातो तो परवानग्यांत आणि वाट पाहण्यात. स्वच्छ खोलीत (क्लीनरूममध्ये) शिरताना यंत्र पुसून न्यायचे, पोशाख बदलायचा. द्रावकांच्या भागात साधे स्कॅनर ज्वालारोधक नसल्याने वायू तपासणी आणि लेखी परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. खोट्या छतावरच्या नळ्या हव्या असतील तर पॅनेल कोण काढणार, हे आधीच लिहून घ्यावे. शोरूमची काच, व्यायामशाळेतले आरसे, चकचकीत स्टीलच्या टाक्या यांच्यामागे खोटे बिंदू उमटतात. ते निवडून काढणे आजही बरेचसे हातानेच होते.

आता टेबलावरचे काम, आणि माझ्या मते बिलाचा खरा निकाल इथेच लागतो. नुसता बिंदूंचा साठा हवा की आराखडे, की रेव्हिट या इमारत-आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधले त्रिमितीय मॉडेल? एका दिवसाच्या स्कॅनवर मॉडेलचे काम आठवडे चालू शकते. फक्त भिंती, दारे, खिडक्या आणि खांब हे एक काम. त्यात हवेचे डक्ट, केबल ट्रे आणि नळ्या आल्या की ते दुसरेच काम. इमारतींच्या नोंदणीचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या यूएसआयबीडी संस्थेने अचूकतेचे स्तर (लेव्हल ऑफ ॲक्युरसी, म्हणजे एलओए) ठरवून दिले आहेत: एलओए २० म्हणजे १५ ते ५० मिलिमीटर, एलओए ३० म्हणजे ५ ते १५, एलओए ४० म्हणजे १ ते ५. पणजीतल्या जुन्या चिऱ्याच्या घराचे दुकान किंवा कॅफे करताना हा आकडा कळीचा ठरतो. तिथल्या जाड भिंती ओळंब्यात नसतात. सॉफ्टवेअरला भिंत सरळ काढणे सोपे; तिचा कल आणि फुगवटा दाखवायचा तर तास कित्येक पटींनी वाढतात. सगळ्या इमारतीला एलओए ४० मागण्याऐवजी जिथे नवे काम बसायचे आहे तिथेच तो मागावा. बिंदूंमधले अंतर निम्मे केले की बिंदू चौपट होतात, साठवण आणि प्रक्रिया त्या मागोमाग वाढतात.

कायद्याची बाजू २०२१ च्या फेब्रुवारीत हलकी झाली. केंद्राच्या भूस्थानिक मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना पूर्वपरवानगीविना असे मोजमाप करायला वाट दिली. संवेदनशील आस्थापनांवरचे निर्बंध कायम आहेत. छतासाठी ड्रोन वापरायचा असेल तर दाबोळी आणि मोपा या दोन विमानतळांभोवतीची हद्द आधी तपासावी लागते. सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. दरपत्रकात तो धरला आहे की वेगळा, हे पाहावे.

कंत्राटात सेटअपची अंदाजी संख्या, अचूकतेचा स्तर, मॉडेलमध्ये काय येणार आणि काय नाही, तसेच पुन्हा यावे लागल्यास प्रवासखर्च कुणाचा, हे लिहिलेले असावे. जोडलेला मूळ साठा ई५७ स्वरूपात मागून घ्यावा. २०११ मध्ये प्रमाणित झालेले हे स्वरूप कोणत्याही एका कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधलेले नाही. तो साठा आणि नियंत्रण बिंदूंची यादी मालकाकडे असली, तर चार वर्षांनी एखादा मजला बदलल्यावर तेवढाच मजला स्कॅन करून जुन्यात बसवता येतो.