दर दोन तासांनी कूस : एका नियमाची पार्श्वभूमी

मिरजेजवळच्या एका वृद्धाश्रमात भिंतीवर एक तक्ता आहे. डावीकडे खाटेचा नंबर, वर रात्रीच्या वेळा : १०, १२, २, ४, ६. आजी-आजोबांची कूस बदलली की त्या चौकटीत बरोबरची खूण करायची. मी पाहिला तेव्हा सगळ्या चौकटी भरलेल्या होत्या. एकाच निळ्या पेनाने, वरून खाली एका दमात ओढल्यासारख्या. त्याच खोलीत एका आजींच्या माकडहाडावर रुपयाएवढी काळी खपली होती. दोन तासांत कूस बदललेल्या माणसाला अशी खपली सहसा धरत नाही.

डॉक्टर शय्याव्रण लिहितात, बाकी सगळे बेडसोर म्हणतात. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी-मांस चेपले जाते, रक्त पोचत नाही, आणि तो भाग आतून मरत जातो. माकडहाड, खुबे, टाचा या त्याच्या ठरलेल्या जागा. निरोगी माणूस झोपेतही नकळत हलत असतो. लकवा झालेला, खुबा मोडलेला किंवा स्मृती गेलेला माणूस हलत नाही, म्हणून त्याला दुसऱ्याने हलवायचे. हे कळायला फार शास्त्र लागत नाही. तरीही वैद्यकाने यावर काही शतके वाद घातला. वाद औषधाचा कमी होता; दोष कोणाचा, याचाच जास्त होता.

सोळाव्या शतकातला फ्रेंच सर्जन आंब्रोआज पारे मांडीत गोळी लागलेल्या एका सरदाराला तपासायला गेला. बराच काळ अंथरुणात पडून त्याच्या पार्श्वभागाला जखम झाली होती. पारेने अंथरूण बदलायला लावले, नीट खाऊ घालायला सांगितले आणि तो भाग अधांतरी राहील अशी पिसांची छोटी उशी करून घेतली. दाब काढा, पोट भरा, स्वच्छ ठेवा. आजच्या मार्गदर्शिकांचा गाभा यापेक्षा फार वेगळा नाही.

मग एकोणिसाव्या शतकात गाडी उलटी फिरली. पॅरिसचा मोठा मेंदूविकारतज्ज्ञ शार्को याने मांडले की या जखमा मज्जातंतू बिघडल्यामुळे होतात. मेंदूच्या झटक्यानंतर पार्श्वभागावर उठणाऱ्या जखमेला त्याने दिलेल्या लॅटिन नावाचा अर्थच अपशकुनी असा होतो. म्हणजे जखम दिसली की रोगी जाणार, कोणी काही करून उपयोग नाही. खरे तर त्याच्या आधीच, १८५३ च्या सुमारास, ब्राउन-सेकार या शरीरशास्त्रज्ञाने मज्जारज्जू कापलेल्या प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले होते की दाब आणि ओल टाळली तर नस तुटलेली असूनही जखम होत नाही, झालेली भरते. पण शार्कोचे नाव मोठे. त्याची गादी बराच काळ चालली आणि त्या गादीवर रोगी सडत राहिले. ‘नशिबात होतं’ हे आपल्याकडचे वाक्य त्याच जातीचे आहे.

याच काळात फ्लॉरेन्स नाइटिंगेलने उलट टोक गाठले. रोग्याला बेडसोर झाला तर तो बहुधा रोगाचा नव्हे, शुश्रूषेचा दोष, असे तिने लिहिले. ती बरोबर होती. मात्र या एका वाक्याने पुढे कित्येक परिचारिकांना अपराधी ठरवले आणि त्यांच्या वाट्याला खाटा किती होत्या हे कोणी विचारले नाही.

दोन तासांचा आकडा पुढे चिकटला तो इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात. हिटलरच्या जर्मनीतून निसटलेल्या लुडविग गुटमान यांनी १९४४ मध्ये तिथे मणका मोडलेल्या सैनिकांचा विभाग सुरू केला. त्याआधी असे जवान मुख्यतः बेडसोर आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने मरत. गुटमान यांनी रात्रंदिवस कूस बदलण्याची शिस्त लावली आणि माणसे जगू लागली. पुढे त्यांनी या रुग्णांसाठी सुरू केलेल्या खेळांतूनच पॅरालिम्पिक उभे राहिले. नर्सिंगच्या वर्गांत एक गोष्ट सांगतात : फिरवणारी तुकडी पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत जाऊन परत यायला दोन तास लागत, म्हणून नियम दोन तासांचा. खरी असो वा रचलेली, मला ती पटते. कारण त्या आकड्याला प्रयोगशाळेचा आधार उशिरा मिळाला. केशवाहिन्यांतला, म्हणजे सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांतला, दाब साधारण ३२ मिलिमीटर पारा, हे लँडिस या संशोधकाने १९३० मध्ये मोजले होते; दाब जितका जास्त तितका कमी वेळ पुरतो, म्हणजे जखम व्हायला कमी वेळ लागतो, हे कोसियाक या डॉक्टरने कुत्र्यांवर दाखवले ते १९५९ मध्ये.

१९६२ हे साल मात्र लक्षात ठेवण्यासारखे. डोरीन नॉर्टन या इंग्रज परिचारिकेने म्हाताऱ्या रोग्यांसाठी गुणपत्रक दिले : शारीरिक स्थिती, मनाची स्थिती, हालचाल, हिंडणे-फिरणे, मलमूत्रावरचा ताबा. प्रत्येकी ४, एकूण २०. १४ किंवा कमी आले तर धोका. जखम होण्याआधी हिशेब मांडायचा, हा विचार तिथून रुजला. त्याच वर्षी जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेच्या जवळजवळ दुप्पट वेगाने कातडी धरते. आणि योगायोग असा की मिरजेचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही १९६२ चेच. मिरजेत विल्यम वॉनलेस यांचे मिशन हॉस्पिटल तर १८९४ पासून उभे होते आणि तिथे परिचारिकाही घडत होत्या. रात्रीची जागी शुश्रूषा या भागाला नवी नाही.

विंटरचे म्हणणे मात्र अजून आपल्या घरांत पोचलेले नाही. जखम ‘वाळू द्या’ म्हणून पंखा लावणे, पावडर भुरभुरवणे, लाल जागा खोबरेल तेलाने रगडणे, तिन्ही चुकीचे. चेपलेली कातडी रगडली की आतल्या बारीक वाहिन्या आणखी फाटतात. हवा भरलेली गोल रिंग बुडाखाली देतात तीही वाईटच, कारण कडेवर दाब वाढतो आणि मधल्या भागाचे रक्त अडते. टाचेखाली पाणी भरलेले हातमोजे ठेवायची पद्धत मी वॉर्डात पाहिली आहे. त्यापेक्षा पोटरीखाली उशी देऊन टाच मोकळी ठेवणे सोपे.

आणि हळद. सांगलीत राहून हळदीबद्दल वावगे बोलणे धोक्याचे. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. जखमेवर हळद या वापराचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले आणि आपल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेच्या आक्षेपानंतर १९९७ मध्ये रद्द झाले. त्या विजयाचा अर्थ बरेच जण चुकीचा लावतात. पेटंट रद्द झाले ते ज्ञान नवे नव्हते म्हणून. हाडापर्यंत गेलेल्या बेडसोरमध्ये डब्यातली हळद कोंबावी असे त्यात कुठेच म्हटलेले नाही. तिथे मेलेले मांस काढणे, दाब हटवणे, ओलसर ड्रेसिंग, अंडी-डाळींसारखी प्रथिने, आणि वेळ पडली तर शेजारचे मांस-कातडी वळवून जखम झाकणारी शस्त्रक्रिया लागते. बेडसोरच्या पायऱ्या चार मानतात : पहिलीत कातडी अखंड पण दाबली तरी लाली जात नाही, चौथीत हाड, स्नायू उघडे. आपल्या सावळ्या कातडीवर ती लाली दिसतच नाही. हाताने चाचपून जागा गरम, घट्ट किंवा लिबलिबीत लागते का ते पाहावे लागते. इंग्रजी पुस्तकांतली गोरी चित्रे पाहून शिकलेल्यांची इथे हमखास गफलत होते.

वृद्धाश्रमापर्यंत हे ज्ञान का झिरपत नाही, याचे एक उत्तर शब्दांत आहे. अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची संस्था. १९८७ च्या तिथल्या कायद्याने सांगितले की जखमेविना आलेल्या माणसाला, टाळता येण्याजोगी असेल तर, तिथे जखम होता कामा नये. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे खासगी दवाखाना. १९४९ चा नोंदणी कायदा त्याचाच. वृद्धाश्रमांचा विषय येतो २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात. जिल्ह्याला किमान १५० निराधार वृद्धांची सोय असावी असे तो म्हणतो, पण सरकार ती ‘करू शकेल’ अशा सुरात. मूळ कल्पना हिंडत्या-फिरत्या माणसाची होती. ‘स्वतःची कामे स्वतः करता यावीत’ अशी अट अनेक आश्रमांच्या अर्जांत असते. माणूस चालत आत येतो आणि पाच-सहा वर्षांनी तिथेच अंथरूण धरतो. अट तेव्हा कोणाला आठवत नाही, माणसे मात्र तेवढीच राहतात.

म्हणूनच २०१३ चा एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. अमेरिका-कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधल्या ९४२ वृद्धांना चांगल्या दाट फोमच्या गादीवर ठेवून कोणाला दोन, कोणाला तीन, कोणाला चार तासांनी कुशीवर वळवले. तीन आठवड्यांत जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. यात मध्यम आणि जास्त धोक्याचे लोक होते, अतिशय गंभीर नव्हते, आणि गादी चांगली होती. पातळ कापसाच्या गादीवर हा निकाल लावता येणार नाही. लोडशेडिंगमध्ये बंद पडणाऱ्या एअर बेडवर तर नाहीच.

आता त्या तक्त्याकडे परत. खाटेला खिळलेले १४ जण, रात्रीच्या वेळा ५ : म्हणजे ७० वेळा कूस. डायपर, चादरीच्या सुरकुत्या, उशी, पाठ नीट पाहणे धरून एका वेळी पाचच मिनिटे म्हटली तरी जवळजवळ सहा तास, आणि दरवेळी दोघे हवेत. दाट फोमच्या गाद्या आणून चार तासांवर आलो तर ४२ वेळा, साडेतीन तास. रात्रपाळीला मावशी एकट्या असतात. खुणांबद्दल विचारले तेव्हा त्या जराही ओशाळल्या नाहीत.

“एकटीनं कुणाकुणाला फिरवायचं वो ताई? ते बाबा सत्तर किलोचं हाईत. दोघांना फिरवलं की माझीच कंबर धरती. खुणा तेवढ्या सकाळी उठून करते.”