निसर्गचित्रातली झाडं आणि पाणी

वठलेलं झाड म्हणजे निराशा, वाहतं पाणी म्हणजे भावना, असा सरधोपट अर्थ आज कुठल्याही रेखाटनाला चिकटवला जातो. चित्रकारांनी मात्र या दोघांना फार पूर्वीपासून एकमेकांच्या संगतीत बोलतं केलं आहे.

११व्या शतकातल्या ग्वो शी या चिनी चित्रकाराने पाण्याला डोंगराच्या रक्तवाहिन्या म्हटलं आणि झाडाझुडपांना त्याचे केस. त्याच्या १०७२ च्या वसंतारंभाच्या चित्रात झाडं अजून उघडीबोडकी आहेत, पण कड्यांमधून पाणी वाहू लागलं आहे. ऋतू पालटल्याची खूण झाडाआधी पाण्यात दिसते.

१४व्या शतकातला चिनी चित्रकार नी त्सान त्याहून पुढे गेला. १३४५ मध्ये त्याने किनाऱ्यावर सहा झाडं काढली. समकालीन चित्रकार ह्वांग गोंगवांगने त्यावर ओळी लिहून त्यांची तुलना सज्जनांशी केली, आणि चित्र 'सहा सज्जन' याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. पुढे चीनमधली मंगोलांची युआन राजवट ढासळत असताना नी त्सानने घरदार सोडलं आणि ताई सरोवराच्या परिसरात नावेतून भटकत राहिला. १३७२ च्या त्याच्या चित्रात पुढे चारदोन विरळ झाडं, त्यांच्याखाली रिकामी झोपडी आणि पलीकडे पाणी आहे. त्या पाण्याला एकही रेघ नाही, कोरा कागदच पाणी झाला आहे. घर दुरावल्याचं दुःख इतक्या कमी शाईत दुसऱ्या कुणी मांडलं असेल, असं मला वाटत नाही.

युरोपात निसर्ग बराच काळ धार्मिक प्रसंगांच्या मागे उभा होता. १७व्या शतकात डच चित्रकार याकोब फान राउसडालने ज्यू दफनभूमीचं चित्र रंगवलं. त्यातल्या कबरी खऱ्या होत्या, पण भग्न वास्तू आणि खळाळता ओढा त्याने कल्पनेने आणले. निष्पर्ण झाडाशेजारून पाणी वाहतच राहतं, आणि मृत्यू व चालू राहणारं जीवन एकाच चौकटीत येतात. भारतात, हिमालयाच्या पायथ्याशी रंगवलेल्या पहाडी लघुचित्रांत हीच जोडी शृंगाराकडे वळते: झाडाला बिलगलेली वेल, कमळांनी भरलेलं तळं.

मग १९४९ मध्ये स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल कॉख यांनी वृक्षचित्राच्या चाचणीवर पुस्तक लिहिलं. मुळं, खोड आणि फांद्यांवरून आता काढणाऱ्याचंच मन वाचलं जाऊ लागलं. त्या चाचणीत सांगितलं जातं ते फक्त एक फळझाड काढायला. पाण्याचा उल्लेखच नसतो.