साठीचा लसावि

शके १९४७ मध्ये आमच्या मामांची षष्ट्यब्दी झाली. संकल्प सांगताना गुरुजी ‘विश्वावसु नाम संवत्सरे’ म्हणाले आणि मामांनी मान वर केली. त्यांच्या पत्रिकेवरही संवत्सराचं हेच नाव आहे. वर्षांची अशी साठ नावं संपली की चक्र पुन्हा ‘प्रभव’पासून सुरू होतं.

पण साठच का? या चक्राला बार्हस्पत्य म्हणतात, म्हणजे ते गुरूचं. गुरू ढोबळमानाने १२ वर्षांत राशिचक्र फिरतो, शनी ३० वर्षांत. दोघे एकाच जागेवरून निघाले, तर गुरू तिथे १२, २४, ३६, ४८, ६० वर्षांनी परत येईल. शनी ३० आणि ६० वर्षांनी. दोन्ही ओळींत पहिल्यांदा जुळणारा आकडा ६०. हाच लघुतम सामाईक विभाज्य, शाळेतला आपला लसावि.

मुलं इथे १२ गुणिले ३० करून ३६० लिहितात. ३६० वर्षांनीही दोघे तिथे भेटतीलच, पण ती सहावी भेट! चूक कुठे होते ते मूळ अवयवांत दिसतं. १२ म्हणजे २×२×३ आणि ३० म्हणजे २×३×५. एक २ आणि एक ३ दोघांकडेही आहेत, म्हणजे ६ सामाईक. सरळ गुणाकारात हा ६ दोनदा मोजला जातो. तो एकदाच घेतला की ३६० ÷ ६ = ६०. सामाईक असलेला हा ६ म्हणजेच मसावि, महत्तम सामाईक विभाजक. म्हणून दोन संख्यांचा गुणाकार नेहमी त्यांच्या लसावि आणि मसाविच्या गुणाकाराएवढा भरतो. हे सूत्र पाठ करण्यापेक्षा असं उलगडून पाहावं, फार सुंदर आहे ते.

एक मात्र नीट ध्यानात घ्यायला हवं. लसावि सांगतो ती भेट निघाल्या जागीच होणारी. वाटेत गुरू शनीला त्याआधीही गाठतो, दर २० वर्षांनी. पण दरवेळी एकतृतीयांश वर्तुळ सरकून. तिसऱ्या भेटीला दोघे मूळ जागी येतात.

खरे आकडे पूर्ण नाहीत: गुरूला सुमारे ११.८६ वर्षं लागतात, शनीला २९.४६. त्यामुळे आकाशातला मेळ थोडा सरकतो. १९६१ मध्ये त्यांची युती मकर राशीत झाली, १९८१ मध्ये कन्येत, २००० मध्ये मेषेत. २१ डिसेंबर २०२० च्या संध्याकाळी ते पुन्हा मकरेत आले, एकमेकांना जवळजवळ चिकटून. १९६१ च्या जागेपासून जेमतेम चार-पाच अंश पुढे.